गुळातला धूर

गुडाखू म्हटलं की राजनांदगाव, दुर्ग किंवा संबलपूरच्या माणसापुढे एक लहानशी डबी उभी राहते. झाकण उघडायचं, आतला काळपट, ओलसर लगदा बोटाच्या टोकावर घ्यायचा आणि दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. या भागात लाखो घरांची सकाळ अशी सुरू होते. शब्दाची फोड केली तर मात्र त्यात दातांचा काहीच संबंध नाही. गूळ आणि तमाखू मिळून गुडाखू. तो होता हुक्क्यात ओढायच्या तंबाखूचा मसाला. धूर घशाला लागू नये, कडू वाटू नये, अंगावर येऊ नये म्हणून पानाला गुळात मुरवून केलेला.

ज्या मुलखात हा शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहे, त्याचा मोठा भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ओडिशा 1751 ते 1803 त्यांच्याकडे राहिला, छत्तीसगड 1854 पर्यंत. गुडाखू भोसल्यांनी तिकडे नेली असं म्हणायला आधार नाही. उत्तर हिंदुस्थानातही ती होतीच. पण या राज्याची गादी जिथे होती त्या नागपूरच्या महाल वस्तीत हुक्का केव्हाच थंड झाला, आणि त्याच्या चिलमीतली गुडाखू पूर्वेकडे दातांवर जाऊन टिकली. मधल्या काळात जे झालं त्यात एका वस्तीचा उतरता काळ दिसतो आणि तंबाखूच्या सौम्य चवीला काय किंमत पडायची तेही कळतं.

महाल हे नावच राजवाड्यावरून आलं. देवगडच्या बख्त बुलंद शाहनं 1702 मध्ये नागपूर वसवलं, त्याच्यामागून चांद सुलतानानं तट बांधला, जुम्मा तलाव केला. रघुजी भोसले आले आणि अठराव्या शतकाच्या मध्याला हे गोंड राजांचं गाव मराठ्यांची राजधानी झालं. राजवाड्याभोवती मानकऱ्यांचे, कारकुनांचे वाडे उभे राहिले. चिटणीसांच्या नावाचं मैदान अजून तिथे आहे. बाजारांना वारांची नावं मिळाली. जुम्मा दरवाजाला आज गांधी गेट म्हणतात, तलावाला गांधीसागर. वाड्यांच्या देवड्या, ओसऱ्या, चौक यांत दिवसाचा बराच वेळ बैठकीत जाई, आणि त्या काळच्या हिंदुस्थानातल्या कोणत्याही दरबारी वस्तीत बैठक म्हणजे पान, अत्तर आणि गुडगुडी.

तंबाखू दख्खनच्या वाटेनं आली याची एक मोठी गोड साक्ष आहे. असद बेग नावाचा अकबराचा अधिकारी कामगिरीवर विजापूरला गेला होता. दुसरा इब्राहिम आदिलशाह तेव्हा गादीवर होता, आणि आजच्या महाराष्ट्राचा दक्षिण भाग त्याच्या अमलाखाली होता. शेजारी गोव्यात पोर्तुगीज. असद बेगनं विजापुरात तंबाखू पाहिली. त्या आधी त्यानं ती कुठेच पाहिली नव्हती. 1604 च्या सुमारास परतताना तो ती बरोबर घेऊन आला, आणि नुसतं पान नेलं नाही. अचीनची तीन हात लांबीची नळी, दोन्ही टोकांना जडावाचं आणि मिन्याचं काम, येमेनी अकीकाची मुखनळी, सोन्याची चिलीम, आदिलशाहनं दिलेल्या पानाच्या बटव्यात भरलेली तंबाखू. सगळं चांदीच्या तबकात मांडून त्यानं बादशहापुढे ठेवलं. अकबरानं दोन-तीन झुरके घेतले. हकीम घाबरला, पुढे ओढू देईना. दरबारात वाद रंगला. या औषधाबद्दल आपल्या ग्रंथांत काही नाही, असं हकिमाचं म्हणणं. प्रत्येक चाल कधीतरी नवीनच असते, असं असद बेगचं उत्तर. अकबरानं पुन्हा ओढली नाही. पण असद बेगनं आपला साठा उमरावांत वाटला, मागणी वाढली, व्यापाऱ्यांनी विक्री मांडली. त्याच 1604 मध्ये इंग्लंडचा पहिला जेम्स तंबाखूविरुद्ध पुस्तिका छापत होता. 1617 मध्ये जहांगीरनं बंदीचा हुकूम काढला. दोघांचंही कुणी ऐकलं नाही.

पाण्यातून धूर ओढायची युक्ती अकबराच्या दरबारातल्या हकीम अबुल फतह गिलानीची, अशी एक कथा सगळीकडे सांगितली जाते. पण हा हकीम 1589 मध्येच वारला, म्हणजे असद बेगच्या तबकाआधी पंधरा वर्षं. कथा सोडून द्यावी. ती इतकी टिकली याचं कारण मात्र समजण्यासारखं आहे. पाण्यानं धूर धुतला म्हणजे त्यातला दोष निघून गेला, असं लोकांना वाटत होतं, आणि त्या समजुतीला एखाद्या वैद्याचं नाव हवं होतं.

गुडगुडीचा धूर खरोखर मऊ लागायचा, यात शंका नाही. त्यामागची करामत एका जागी नव्हती, चार ठिकाणी होती.

पहिली पानात. नागपूरच्या उत्तरेला, शिंद्यांच्या मुलखात असलेल्या भिलशाची, म्हणजे आजच्या विदिशेची तंबाखू हिंदुस्थानभर नावाजलेली होती. दुसरी मसाल्यात. पान कुटून त्यात गूळ किंवा काकवी कालवायची आणि लगदा होईपर्यंत पुन्हा कुटायचा. बाजारातली नावं हिंदुस्तानी होती: गूळ कमी तो कडवा, जास्त तो मीठा, मधला दोरसा. सगळ्यात नाजूक तो खमीरा. त्यात पिकलेली फळं, वेलची, चंदन, वाळा, गुलाबपाकळ्या पडत, आणि मडक्याचं तोंड बांधून तो आंबायला ठेवत, कधी जमिनीत पुरूनही. तिसरी करामत आचेची आणि चौथी पाण्याची.

चिलीम भरणं पाहिलं म्हणजे हे चारही एकत्र दिसतं. मातीची चिलीम, तळाशी भोक. भोकावर एक गोल खडा, म्हणजे तंबाखू नळीत उतरत नाही आणि हवा मात्र खेळते. त्यावर गुडाखूची सुपारीएवढी गोळी, पण दाबून बसवायची नाही. बोटांनी मोकळी करून पसरायची. दाबली तर धूर अडतो, फार सैल ठेवली तर भुरभुर जळून जाते. वर खापरीचा पातळ तवा आणि त्यावर निखारे. निखारा तंबाखूला शिवता कामा नये. सारा मऊपणा या एका गोष्टीत आहे. विडीत, सिगारेटीत तंबाखू पेटते. गुडगुडीत ती तव्याच्या उष्णतेनं नुसती शेकली जाते, गूळ उकळू लागतो आणि त्याच्या वाफेबरोबर धूर खाली उतरतो. मग नेचातून, म्हणजे चिलमीखालच्या उभ्या नळीतून, भांड्यातल्या पाण्यात, तिथून बुडबुडे होऊन वर, आणि लांब नळीतून थंड होत होत तोंडात. गरिबाघरी भांडं नारळाच्या करवंटीचं, सरदाराघरी बिदरी कामाचं: जस्तात थोडं तांबं घालून ओतलेलं, काळं केलेलं, वर चांदीची वेलबुट्टी. पाणी रोज बदलायचं. शिळ्या पाण्याचा वास धुराला लागतो आणि जाणकाराला तो पहिल्याच झुरक्याला कळतो.

पाइपवाले साहेब ज्याला सौम्य मिश्रण म्हणतात, त्याची रीत याहून फार वेगळी नाही. तिकडेही पानाला साखरेचा पाक किंवा मळी लावतात, वाफेवर दाबून ठेवतात, ओलावा राखतात, आणि पाइप सावकाश ओढावा, तापू देऊ नये, असं नवशिक्याला बजावतात. गोडव्यामागे रसायनशास्त्र आहे. साखर जळताना धूर आम्लाकडे झुकतो आणि घशाला कमी झोंबतो. मात्र झोंबत नाही म्हणून अपाय करत नाही, असं नव्हे. पाण्यानं धूर थंड होतो, विष गाळलं जात नाही. निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड त्या पाण्यातून सरळ पार होतो. हुक्का ओढणारा मऊ धुराच्या भरवशावर खोल आणि लांब झुरके घेतो, तासभर बसतो. महालातल्या बैठकी ज्यांनी रंगवल्या त्यांच्या छातीत काय साठत होतं, याची कल्पना त्यांना येण्याचा मार्गच नव्हता.

या सुखासाठी आणखी एक गोष्ट लागायची, दुसऱ्याचा वेळ. गुडाखू मुरवायला दिवस, चिलीम भरायला घटकाभर, निखारे बदलायला सतत कुणीतरी जवळ. हे काम हुजऱ्याचं. मोठ्या घरी खास हुक्केबरदार असे, आणि त्याची जागा साधी नसे. धन्याच्या दमाचा अंदाज त्याला ठेवावा लागे. नैवेद्याला बसण्याआधी चिलीम उचलायची, पाहुणा आला की नवी भरायची, आणि कुणापुढे नळी फिरवायची व कुणापुढे नाही, हेही त्यानंच ओळखायचं.

कारण नळी फिरली की जात फिरली. ज्याच्याबरोबर एका नळीला तोंड लावता येतं तो आपला. वाळीत टाकलं की हुक्का-पाणी बंद. शब्दांचा क्रम पाहण्याजोगा आहे, हुक्का पाण्याच्याही आधी. चिलीम हातोहात ओढणारे तिच्या बुडाला ओली छापी गुंडाळत, त्यानं धूर थोडा थंड होई आणि ओठ थेट मातीला लागत नसत. महालातल्या शास्त्री-पंडितांपैकी अनेकांना उष्ट्याचा हा घोळच नको असे. ते तपकिरीच्या डबीवर भागवत. चिमूटभर तपकीर दिली-घेतली तर विटाळ होत नव्हता.

भोसल्यांच्याच राज्यात एका माणसानं तंबाखूला सरळ नकार दिला. छत्तीसगडच्या गिरोदचे घासीदास. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी सतनामाचा पंथ उभा केला, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या आपल्या माणसांना दारू, मांस यांबरोबर तंबाखूही वर्ज्य सांगितली. ज्यांना वरच्या जाती आपल्या नळीला तोंड लावू देत नव्हत्या, त्यांनी नळीच नको म्हटलं. हा निषेध होता आणि स्वाभिमानही. पुढे त्यांच्यातले काहीजण पुन्हा ओढू लागले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरच्या ग्रंथात त्यांची नोंद चुंगिया म्हणून आहे. चोंगी म्हणजे पानाची गुंडाळी करून केलेली चिलीम. हिरवं पान वळायचं, तंबाखू भरायची, ओढून झाली की फेकून द्यायची. भांडं नाही, पाणी नाही, उष्टं नाही, हुजऱ्या नाही. पुढच्या शतकाचा सगळा व्यवहार त्या पानाच्या गुंडाळीत आधीच दडलेला होता.

11 डिसेंबर 1853 ला तिसरे रघुजी निवर्तले. औरस वारस नाही म्हणून डलहौसीनं राज्य खालसा केलं. 1854 मध्ये राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात निघाले आणि जडजवाहीर कलकत्त्याला विक्रीला गेलं. 1864 मध्ये राजवाडाच जळाला. नक्षीचे लाकडी खांब, छतं, सगळी राख. दरबार गेला तशी त्याच्यावर पोसलेली माणसंही पांगली. गुडगुडी वाड्यांतून एका दिवसात नाहीशी झाली नाही, पण ती म्हाताऱ्यांच्या ओसरीवर सरकली.

शहराच्या पश्चिमेला नवं नागपूर उभं राहत होतं. तिथल्या साहेबांनीही एके काळी हुक्का ओढला होता. कंपनीच्या गोऱ्यांत हुक्केबरदार ठेवणं अठराव्या शतकात प्रतिष्ठेचं लक्षण होतं, 1840 च्या आसपास ती चाल मागे पडली. 1821 मध्ये वसलेल्या कामठीच्या छावणीत मद्रासी पलटणी असत, आणि मद्रासेकडच्या गोऱ्या अधिकाऱ्याची आवड म्हणजे त्रिचनापल्लीची चिरूट. पुढे फ्रान्समधल्या ब्रायर लाकडाचे पाइप आले आणि सिव्हिल लाइन्सच्या व्हरांड्यांत स्थिरावले. महालापर्यंत तो पाइप फारसा आलाच नाही. वकिलांत, प्राध्यापकांत तुरळक दिसला तरी बैठकीची वस्तू तो कधी झाला नाही. तो एकट्याचा असतो. गुडगुडीची गंमत चारचौघांत होती.

महालात जे आलं ते टेंभुर्णीच्या पानात गुंडाळून आलं. विडा आणि विडी हे शब्द एकाच घरातले. विडा खायचा, विडी ओढायची, दोन्ही पानाच्या गुंडाळ्या. नागपूरकर मात्र हिंदीच्या शेजारामुळे बिडीच म्हणतो. पश्चिम किनाऱ्याकडे विडीला आपट्याचं पान वापरत, जे दसऱ्याला सोनं म्हणून वाटतात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला गुजराती व्यापारी मध्यप्रांतात आले. जबलपूरला 1902 च्या सुमारास मोहनलाल हरगोविंददास यांनी धंदा मांडला, आणि इथल्या तेंदूपानानं, आपल्या टेंभुर्णीनं, बाजी मारली. पान मऊ, वळायला सोपं, वाळलं तरी तुटत नाही. शिवाय जंगलात अमाप. सातपुड्यातून गोंदियाला उतरणारी अरुंद रेल्वे त्याच दशकात झाली आणि धंदा गोंदिया, भंडारा, कामठी, नागपूर असा पसरत गेला. पान इथलं, तंबाखू गुजरातच्या चरोतरातली किंवा निपाणीकडची. स्वदेशीच्या लाटेत सिगारेट विलायती ठरली. डिसेंबर 1920 मध्ये नागपुरातच काँग्रेसनं असहकारावर शिक्कामोर्तब केलं, आणि बिडी ओढणं शिकलेल्यालाही कमीपणाचं वाटेनासं झालं.

चवीच्या हिशेबानं हा उलटा प्रवास होता. बिडीत गूळ नाही, पाणी नाही, तवा नाही. चिमूटभर सुकी तंबाखू, पाव ग्रॅमच्या आसपास. तेंदूचं पान नीट जळत नाही, म्हणून ती विझते, म्हणून घाईघाईनं ओढावी लागते, आणि प्रत्येक झुरक्याला धूर कडक येतो. शतकानुशतकं माणसानं या पानाला माणसाळवण्यासाठी जे जे केलं ते सगळं एका पैशाच्या वस्तूनं काढून टाकलं. पण तिला हुजऱ्या लागत नव्हता. गिरणीच्या सुट्टीत, टांग्यावर, शेताच्या बांधावर ती ओढता येत होती, आणि कुणाच्या नळीची परवानगी लागत नव्हती. हे स्वातंत्र्य लहान नव्हतं.

हुजऱ्याचे कष्ट मात्र नाहीसे झाले नाहीत, ते बिडी वळणाऱ्याच्या घरी गेले. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात पानं. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्रीनं कापायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, टोक नखानं मुडपायचं, दोरा बांधायचा. हजार झाल्या की दिवस भरला. त्यातल्या काही कारखानदाराचा माणूस वाईट म्हणून बाजूला काढणार आणि त्यांचे पैसे देणार नाही. कामठीच्या बाबू हरदासांनी हे जवळून पाहिलं होतं. जय भीम हे अभिवादन रूढ करणारे म्हणून त्यांना आज सारे ओळखतात, पण बिडी मजुरांचा संघ बांधणारे आणि ठेकेदाराला वगळून सहकारी पायावर बिडीचं काम सुरू करणारेही तेच. 1937 मध्ये ते नागपूर-कामठीतून विधिमंडळात निवडून गेले. 12 जानेवारी 1939 ला, वयाच्या अवघ्या पस्तिशीत, ते गेले. कन्हानच्या काठी त्यांची समाधी आहे.

बिडीनं गावंच्या गावं अशी गुंतवली की 1948 मध्ये नागपूरच्या विधिमंडळाला वेगळाच प्रश्न पडला: शेतीच्या हंगामात मजूर मिळेना. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारनं कायदा करून पेरणी-कापणीच्या दिवसांत ठरावीक गावांत बिडी वळण्यावर बंदी घालण्याचा अधिकार घेतला. सागर जिल्ह्यातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर 1950 मध्ये चिंतामण राव खटल्यात न्यायालयानं तो कायदा रद्द ठरवला. म्हातारे, मुलं, अपंग, शेतात जाऊ न शकणारे, या साऱ्यांचा धंदा सरसकट बंद करणं वाजवी नाही, असा निवाडा. व्यवसायस्वातंत्र्यावरच्या वाजवी निर्बंधांची चर्चा निघाली की कायद्याचे विद्यार्थी अजून हा खटला वाचतात.

आज महालात धूरच कमी दिसतो. बडकस चौकापासून केळीबाग रस्त्यापर्यंतच्या पानठेल्यांवर मागणी असते ती खर्ऱ्याची. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटायचा आणि गालात धरायचा. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, खर्रा मात्र विदर्भाच्या तोंडातून गेलेला नाही, आणि मुखकर्करोगाचं ओझं या भागातली रुग्णालयं रोज वाहत आहेत. हुक्काही परत आला होता, पार्लरांच्या अंधाऱ्या खोल्यांत, सफरचंदाच्या आणि पुदिन्याच्या वासाचा. त्या गोड तंबाखूच्या मसाल्यातही मळी आणि मध होतं. म्हणजे गुडाखूच, फक्त परदेशी डब्यातली. मुंबईच्या कमला मिल आगीनंतर 2018 मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती करून पार्लरांवर बंदी आणली.

देशी गुडाखूला मात्र पार्लरची गरज कधीच नव्हती. महालापासून थोड्याच अंतरावर इतवारी स्टेशन आहे. छत्तीसगडकडून आलेली गाडी तिथे थांबते, बांधकामावर जाणारी कुटुंबं बोचकी घेऊन फलाटावर उतरतात. नळाशी रांग लागते. एखादी बाई पदराच्या गाठीतून डबी काढते, झाकण अंगठ्यानं सरकवते आणि काळा लगदा दातांवर फिरवत आपल्या पाळीची वाट पाहते. जवळून गेलं तर वास येतो, तंबाखूच्या आधी गुळाचा.